पेटीसुद्धा परकीच होती

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा मराठी अस्मितेवर परिसंवाद ठेवला होता. मराठीचे एक ज्येष्ठ प्राध्यापक बोलायला उभे राहिले आणि त्यांनी आपल्या वाट्याचा निम्मा वेळ टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांना दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हे कार्यक्रम लंडनमध्ये शिजतात. परवान्याबरोबर जाडजूड नियमपुस्तिका येते. मंच कसा असावा, दिवे कुठून पडावेत, परीक्षक किती असावेत, कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर कधी जावा, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. आपण त्या सांगाड्याला फेटा बांधतो, नऊवारी नेसवतो आणि मराठी म्हणून मिरवतो. अशा परक्या साच्यात ओतलेलं गाणं मराठी राहत नाही, आणि ते ऐकत वाढलेल्या पिढीची अस्मिताही राहत नाही. सभागृहात टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही.

मी गेली तेवीस वर्षं एका तालुक्याच्या गावात मुलांना गाणं शिकवतो. सरांची तळमळ मला कळते, कारण ती माझीही आहे. पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे, आणि त्यामुळे खरं दुखणं तसंच राहून वाढतं आहे. म्हणून हा प्रतिवाद.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. नियमपुस्तिका असते, त्या धंद्यात तिला 'बायबल' असंच म्हणतात. सायमन फुलर यांचा 'पॉप आयडॉल' ऑक्टोबर २००१ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झाला. त्याचा परवाना घेऊन २००४ मध्ये सोनीवर 'इंडियन आयडॉल' आला, आणि २०२१ मध्ये सोनी मराठीवर, अजय-अतुल परीक्षक असलेला 'इंडियन आयडॉल मराठी'. पनवेलचा सागर म्हात्रे त्यात जिंकला. ही वंशावळ कुणी नाकारत नाही. पण वंशावळीवरूनच निकाल द्यायचा असेल, तर ती पुरती वाचली पाहिजे.

झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झालं १९९५ मध्ये. गजेंद्र सिंग यांचा कार्यक्रम, सोनू निगम यांचं निवेदन. 'पॉप आयडॉल'च्या सहा वर्षं आधी. दुसऱ्याच वर्षी दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' झालं आणि सुनिधी चौहान ही लहानगी त्यात पहिली आली. घरात बसून अनोळखी पोरांचं गाणं ऐकायचं, मनातल्या मनात त्यांना गुण द्यायचे, आपला गडी हरला की रात्रभर हळहळायचं, हे आपल्याला लंडनने शिकवलेलं नाही.

टीव्हीच्याही मागे जाऊ या. कणकवली-कुडाळकडे डबलबारी लागते तेव्हा दोन बुवा आपापल्या मंडळींसह समोरासमोर बसतात. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. पहिल्याने टाकलेल्या कोड्याला दुसऱ्याने आपल्या बारीत गाऊन उत्तर द्यायचं आणि वर स्वतःचं कोडं टाकायचं. पखवाज चढत जातो, झांजा तापतात, बुवा एकमेकांना बोचरे चिमटे काढतात, आणि सरस कोण हे समोरची माणसं दाद देऊन ठरवतात. चाकरमान्यांबरोबर हीच डबलबारी लालबाग-परळला आली. रत्नागिरीकडे शक्ती-तुरा आहे. देशावर शाहिरांचा कलगी-तुरा आणि तमाशातले सवाल-जवाब. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धेसाठी गावोगावची पथकं तालमी करतात, आणि पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकासाठी महाविद्यालयं जिवाचं रान करतात. स्पर्धेत उतरलं की कला बाटते असं म्हणायचं झालं, तर या सगळ्यावर पाणी सोडावं लागेल. सरही त्याला तयार होणार नाहीत. त्यांनी स्वतः तरुणपणी करंडकासाठी नाटक बसवल्याचं त्याच भाषणात अभिमानाने सांगितलं.

आता त्या डबलबारीतल्या बुवांच्या पुढ्यात काय असतं ते पाहा. पेटी.

हार्मोनियमचं पेटंट अलेक्झांडर देबाँ या कारागिराने पॅरिसमध्ये १८४२ साली घेतलं. मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची पेटी पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. आपल्या संगीत नाटकांत पायपेटी आली, ऑर्गन आला. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला आणि त्याच टेंब्यांनी १९११ मध्ये 'मानापमान'च्या चाली बांधल्या. ज्या नाट्यसंगीताला आपण मराठीपणाची खूण मानतो, ते या फ्रेंच खोक्याच्या सोबतीने वाढलं.

परक्या वस्तूने आपलं संगीत नासतं, हा युक्तिवाद त्या पेटीविरुद्ध एकदा सरकारी ताकदीने लढवला गेला आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. आक्षेपात तथ्य नव्हतं असं नाही. पेटीचे स्वर ठोकळ, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. रवींद्रनाथांनाही ती नको होती. पण तिच्यावर सर्वांत कडाडून तुटून पडलेल्यांत फॉक्स स्ट्रँगवेज आणि जॉन फोल्ड्स हे इंग्रज होते, हे विसरता येत नाही. भारतीय संगीत शुद्ध कसं राहावं, हे ठरवण्यातही परदेशी माणसांचा वाटा होता. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं, आणि एकल वादनाला त्यानंतरही दार बंदच राहिलं. तीस वर्षं साथीदारांना रेडिओची बिदागी नाही, नाव नाही. संगीताचं काय वाचलं? काहीच नाही. देवळात, तमाशात, शाळेच्या प्रार्थनेत पेटी वाजतच राहिली, आणि आप्पा जळगावकर, बोरीचे तुळशीदास बोरकर अशा माणसांनी तिच्यातून जे काढलं ते ऐकताना तिचं जन्मगाव कुणाला आठवत नाही. शुद्धतेच्या त्या लढाईत भरडले गेले ते पेटीवर पोट असलेले लोक. म्हणून नवं काही परकं आहे म्हणून टाळ्या पडल्या की मला धास्ती वाटते.

बाहेरून खरोखर आलेली, आणि सरांनी जिचा उल्लेखही केला नाही, अशी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे फोनवरून दिलेलं मत. सुरुवातीच्या 'सा रे ग म'मध्ये निकाल जाणकारांच्या हाती असे. 'इंडियन आयडॉल'ने तो प्रेक्षकाच्या हाती दिला आणि पुढच्याच वर्षी 'सा रे ग म प'नेही तीच वाट धरली. हा साच्याचा गाभा. परक्या साच्याने ओळख पुसली जाते हे खरं असेल, तर ती सर्वांत आधी इथे पुसली गेली पाहिजे होती. काय घडलं ते पाहू.

'सा रे ग म प'ची ती पहिली मतदानाची फेरी जिंकला सिल्चरचा देबोजित साहा. त्याच्यामागे अख्खा आसाम उभा राहिला. आणि २००७ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात शेवटचे दोघे उरले ते प्रशांत तामांग आणि अमित पॉल. एक दार्जिलिंगचा, दुसरा शिलाँगचा. प्रशांत कोलकाता पोलिसांत शिपाई होता, वडिलांच्या पश्चात त्यांच्या जागी लागलेला, पोलिसांच्या वाद्यवृंदात गाणारा. गायचा तो हिंदी सिनेमाची गाणी. साचा ब्रिटिश, गाणी मुंबईची. सरांच्या हिशेबाने यात गोरखा म्हणावं असं कणभरही नव्हतं.

पण दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गणी काढली, सिमकार्डं विकत घेतली, फोनच्या बूथवर रांगा लावून मतं दिली. याचं कारण गाण्यात शोधून सापडणार नाही. गोरखा माणूस या देशाचा नागरिक असून त्याला दिल्ली-मुंबईत 'तू नेपाळचा का?' असं विचारलं जातं. नेपाळी भाषा आठव्या अनुसूचीत यायला १९९२ उजाडलं. त्याच घटनादुरुस्तीने कोकणीही आली, हे गोमंतकीय वाचकांना आठवत असेल. १९८६ ते ८८ या काळात वेगळ्या गोरखालँड राज्यासाठी डोंगरात रक्त सांडलं होतं. अशा लोकांना एका शिपायाच्या रूपाने पहिल्यांदा सगळा देश आपल्याकडे पाहतो आहे असं वाटलं. आणि कार्यक्रमाच्या नावात 'इंडियन' हा शब्द होता. त्या एका शब्दासाठी त्यांनी मतं दिली असं मला वाटतं.

मराठीत 'ओळख' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपण स्वतःला काय समजतो ती ओळख, आणि दुसरा आपल्याला ओळखतो तीही ओळख. सर 'अस्मिता' म्हणतात तेव्हा फक्त पहिला अर्थ धरतात. जणू अस्मिता ही कणगीत भरून झाकून ठेवलेली वस्तू आहे आणि बाहेरची हवा लागली की तिला कीड लागते. दार्जिलिंगच्या लोकांना दुसरी ओळख हवी होती, आणि ती त्यांनी परक्या साच्यातून मिळवली.

पुढे जे झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण मी या कार्यक्रमांची वकिली करायला बसलेलो नाही. प्रशांत जिंकला आणि दिल्लीतल्या एका खाजगी रेडिओ केंद्राच्या निवेदकाने गोरखे आता गाऊ लागले तर पहारा कोण करणार, अशा अर्थाची टिप्पणी केली. सिलिगुडीत निषेधाच्या मोर्चातून दंगल उसळली, संचारबंदी लागली, लष्कराला बोलवावं लागलं. प्रशांतसाठी मतं गोळा करण्याच्या मोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला, आणि डोंगरातले जुने नेते सुभाष घिसिंग यांची वीस वर्षांची सद्दी मोडली. गोरखालँडची मागणी पुन्हा पेटली. शिलाँगमध्ये नेमकं उलटं झालं. खासी आणि बंगाली यांच्यात दंगलींच्या जखमा असलेल्या त्या शहरात बंगाली अमितसाठी सगळ्यांनी मिळून मतं दिली आणि मेघालय सरकारने त्याला सलोख्याचा दूत नेमलं. एकच कार्यक्रम, एकच अंतिम फेरी. एका गावात तिने जुनी आग फुंकली, दुसऱ्या गावात काही काळ तरी शमवली.

यातून एवढं तरी सिद्ध होतं की या साच्यात ओळख विरघळत नाही. ती वर येते, कधीकधी इतक्या जोराने की पोलीस बोलवावे लागतात. भ्यायचंच असेल तर या उसळीला भ्यावं. सरांची भीती नेमक्या उलट्या दिशेला तोंड करून उभी आहे.

आता महाराष्ट्रात येतो. फेब्रुवारी २००९. झी मराठीवर 'लिटिल चॅम्प्स'ची महाअंतिम फेरी. पाच मुलं : आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची मुग्धा वैशंपायन, आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर. हा नुसता नकाशा पाहिला तरी पुरे. मराठी संगीताच्या बैठकीत पुण्या-मुंबईखेरीज इतकी गावं एका वेळी, एका रांगेत, सारख्या मानाने बसल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वडिलांकडे शिकलेली, अभंग, गवळणी आणि लोकगीतांच्या अंगाने गाणारी आळंदीची मुलगी जिंकली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या वर्गात सोळा नवी मुलं आली. त्यातली नऊ अशा घरांतली होती जिथे आधी कुणी पेटीला हात लावला नव्हता. पालक म्हणायचे, 'सर, आमचं पोरगं देवळात गातं, बघा जरा.' देवळातलं गाणं हे 'गाणं' असतं, हे त्यांना कुठल्याही विद्यापीठाने सांगितलं नव्हतं. एका स्पर्धेने सांगितलं.

मग मी समाधानी आहे का? नाही. इथून माझं खरं भांडण सुरू होतं, आणि ते लंडनशी नाही.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी, तेरा वर्षांची, अशाच एका स्पर्धेच्या चाचणीला गेली. मी सोबत होतो. पहाटेपासून रांग, हातात क्रमांकाची चिठ्ठी, प्रत्येकाला चाळीस सेकंद. तिने आजीकडून आलेली जात्यावरची ओवी धरली. काय लागला होता तिचा आवाज! टेबलामागचा तरुण मन लावून ऐकत होता, हे मी दारातून पाहिलं. मग तो म्हणाला, 'ताई, सुंदर आहे. पण चालणारं काहीतरी म्हणा ना. एखादी सिनेमातली लावणी, नाहीतर हिंदी.' ती गडबडली, जे सुचलं ते गायली आणि बाहेर आली. जेवणाच्या सुट्टीत मी त्या मुलाला गाठलं. ओव्या घ्यायच्या नाहीत असा नियम आहे का, असं विचारलं. तो अहमदनगरकडचा, सरळ पोरगा होता. म्हणाला, 'नियम नाही हो सर. पण वरून अपेक्षा असते.' हे 'वर' म्हणजे कुठे? तर गोरेगावात. ज्यांची अपेक्षा होती ती सगळी मराठी माणसं, मराठी घरांत वाढलेली, आणि त्यांच्याही आज्या जात्यावर बसलेल्या.

सर, तुमच्या नियमपुस्तिकेत दिव्यांचे कोन असतील. पण ओवी चालत नाही हे कुठल्या पुस्तिकेत लिहिलं आहे? ते आपण ठरवलं. आणि साच्याला शिव्या घातल्या की हे ठरवणारे नामानिराळे राहतात, म्हणून मला तुमच्या टाळ्या टोचल्या.

ज्या ओवीला त्या टेबलावर जागा नव्हती, तिच्यासाठी पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर आयुष्यभर खेडोपाडी फिरले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी बायकांच्या तोंडून गोळा केल्या. आज त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात. पॉइतवाँ जन्माने फ्रेंच. पेटीसारखेच. ओवी त्यांना परकी वाटली नाही आणि आपल्या माणसांना 'न चालणारी' वाटली, याचा जाब कुठल्या साच्याला विचारणार?

बाजार तसाच असतो, त्यापुढे कुणाचं चालत नाही, असं यावर उत्तर मिळतं. ते खोटं आहे याचा पुरावा अबू धाबीत आहे. २००६ मध्ये तिथे 'मिलियन्स पोएट' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. मंच, परीक्षक, प्रेक्षकांची मतं, दर आठवड्याला कुणीतरी बाहेर, सगळा सांगाडा 'आयडॉल'च्याच घराण्यातला. पण आत भरली नबाती कविता, वाळवंटातल्या बदूंच्या बोलीतली, तोंडातोंडी चालत आलेली. अरब जगात ती इतकी पाहिली गेली की पर्वामागून पर्वं होत राहिली. २०१० मध्ये हिस्सा हिलाल ही सौदी स्त्री बुरख्याआडून उभी राहिली आणि तिने अतिरेकी फतव्यांविरुद्ध रचलेली कविता म्हटली. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तरी ती अंतिम फेरीपर्यंत गेली आणि तिसरी आली. तिथे पैसा राजघराण्याचा होता आणि आपल्याकडे तसा नाही, हे मला ठाऊक आहे. पण बोलीतली कविता चालणार नाही असं म्हणायला तिथेही खूप जण असतील. कुणीतरी ती चालवायचं ठरवलं.

आपल्याकडे लावणी पडद्यावर आली ती मुख्यतः नाचाच्या अंगाने. पोवाडा, भारूड, जात्यावरची ओवी, आदिवासी पाड्यांवरची गाणी येतात ती बहुधा 'लोकसंगीत विशेष' अशा एखाद्या भागापुरती. तो भाग संपला की फेटे परत पेटाऱ्यात. संबळ वाजवणाऱ्या गोंधळ्याला वाद्यवृंदात कायमची खुर्ची का नसावी? डबलबारीतला एखादा बुवा परीक्षक का नसावा? त्याच्याइतकं हजरजबाबी परीक्षण दुसरं कोण करणार आहे? सह्याद्री वाहिनीला तर कुणाचा परवानाही लागत नाही. तिथे शाहिरीची, ओव्यांची, भजनाची जिल्हावार स्पर्धा वर्षानुवर्षं चालावी, अशी मागणी त्या परिसंवादातून एका ठरावाने गेली असती, तर मीही उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

ती विद्यार्थिनी आता नर्सिंगला आहे. गाणं सुटलेलं नाही. चाचणीच्या दिवशीची तिची क्रमांकाची चिठ्ठी माझ्या पेटीच्या खणात आहे. मागच्या कोऱ्या बाजूला तिने आजीची ती ओवी पेन्सिलीने लिहून घेतली होती. मूळची लांबलचक. चाळीस सेकंदांत बसावी म्हणून तिने रात्री जागून मधल्या ओळी खोडल्या होत्या, आणि आजीचं नाव येतं ती ओळ तेवढी ठेवली होती.